साडेपाचच्या आधीचा जादा सेकंद

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलेली आहे. पटली तर घ्या.

१ जानेवारी २००९. रांजणगावची एक कंपनी. पहाटेचे सव्वापाच.

हौसराव मामा तिथे मेंटेनन्सला होते. छतावरचा रिसीव्हर उपग्रहाकडून वेळ घ्यायचा, सर्व्हरला द्यायचा, आणि सर्व्हर सगळ्या मशीनना. पृथ्वी फिरताना जरा रेंगाळते, म्हणून कधीकधी जगभरच्या घड्याळांत एक सेकंद जादा घालतात. आपल्याकडे तो येतो पहाटे साडेपाचच्या आधी. रिसीव्हर त्याची सूचना काही महिने आधीच देतो.

पण कंपनीचा सर्व्हर ती सूचना गिळून बसायचा.

२००६ च्या पहिल्या पहाटे तेच झालं. मागाहून वेळ दुरुस्त होताना निम्म्या मशीन एक सेकंद पुढेच राहिल्या. पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा ठेका चुकला आणि मामांचा दोस्त गेणबा त्यात गेला.

चौकशीत लिहिलं, 'कामगाराची चूक.'

तीन वर्षं मामांनी अर्जांवर अर्ज दिले. एकाचंही उत्तर नाही. नुसता संताप! त्या पहाटे मात्र ते थेट कंपनीच्या साहेबांपुढे गेले.

"साहेब, दोनच मिनिटं लाईन बंद ठिवा. त्याच प्रेसवर आज माऊली हाय, कवळं पोरगं."

"एका सेकंदासाठी? हौसराव, डोकं ठिकाणावर आहे का?"

मामा साहेबांच्या वरच्या काचेच्या केबिनमध्येच हात चोळत उभे राहिले. खाली माऊली प्रेसमध्ये पत्रा लावत होता.

थेट रिसीव्हरवर चालणारं भिंतीवरचं घड्याळ... पाच एकोणतीस... ५७... ५८... ५९...

पुन्हा ५९.

आणि सगळा आवाज गेला... प्रेस, पंखे, कंप्रेसर... काहीच नाही.

फक्त खाली कोणीतरी खाकरलं...

मग प्रेस धाडकन खाली आली.

माऊली चार पावलं मागे पडला होता. दोन्ही हात शाबूत.

मामा धडाधडा जिना उतरले.

"मामा, तुम्ही मागनं वढलं म्हून वाचलो."

मामांनी वर केबिनकडे बोट केलं.

"म्या वर हुतो रं... साहेबांपाशी."

साहेबांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. आणि रिपोर्टमध्ये काय लिहावं? 'कामगाराची चूक.'

मामांचं डोकंच फिरलं. शिफ्ट सुटताच ते कारेगावला गेणबाच्या घरी गेले. त्याची बायको धुरपदा दारातच उभी होती. मामांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं...

"भावजी, पहाटं ह्ये आले हुते."

"कोण?"

"ह्येच. म्हणले, पोराला वढून काढला. पर हौसरावला सांग... म्होरल्या टायमाला मला जमायचं न्हाई."

मामांनी त्याच दिवशी पुन्हा अर्ज दिला. साहेबांनी तो वाचलासुद्धा नाही.

सर्व्हर अजून तोच आहे.