घर धरणारी

“कारण... स्वेच्छेने मागे राहिली.”

सृष्टीनं कागदावरचं एवढंच वाक्य मोठ्यानं वाचलं आणि पंगतीत पुरणपोळी वाढणाऱ्या बनुबाईंचा हात ताटावरच थबकला! ते ताट नेमकं शिवतेजचं, त्यांच्या पोटच्या एकुलत्या एका लेकाचं होतं. त्यानं मान वर केली नाही. कटाच्या आमटीत बुडवलेला घास तसाच ताटात ठेवला, तांब्या उचलून हातावर पाण्याची धार धरली आणि तो म्हणाला,

“बरोबर लिवलंयस सृष्टे. स्वेच्छेनं! कुणी बांदून घातलं न्हवतं हिला.”

आणि जत्रेच्या गोड्या दिवशी, नैवेद्य दाखवून झालेल्या भरल्या पानावरून, बनुबाईंचा लेक उपाशी उठून गेला...

सृष्टी ही बनुबाईंच्या धाकट्या दिराची, मल्हारची मुलगी. सांगलीच्या कॉलेजात भूगोल घेऊन एम.ए. करत होती आणि सरांनी तिला प्रकल्प दिला होता स्थलांतराचा. त्यासाठी तिला लांब जायची गरज नव्हती. विट्यापलीकडची त्यांची कुसवाडी गेली पन्नास वर्षं स्थलांतराशिवाय दुसरं करत काय होती? जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करायचा गलाईचा धंदा! एकानं परमुलखात भट्टी लावायची, भावाला न्यायचं, भावानं मेव्हण्याला, मेव्हण्यानं भाच्याला. सृष्टीच्या पुस्तकात याला साखळी म्हणतात. गावात बंगले बावन्न होते आणि रोज पेटणाऱ्या चुली एकोणीस. जत्रेला आठ दिवस सगळे दिवे लागायचे, नवव्या दिवशी कुलपं. माणसं गावात मार्बलचा बंगला बांधत होती आणि स्वतः भट्टीमागच्या खोलीत राहत होती. या शहाणपणाला पुस्तकात काय नाव आहे, कोण जाणे!

पूर्वी मात्र प्रत्येक घरातली एक बाई मागं ठेवायची रीत होती. तिनं म्हातारी माणसं बघायची, जनावरं बघायची, देवाला दिवा लावायचा. त्याला गाव ‘घर धरणं’ म्हणायचं.

या घरात ते बनुबाईंनी धरलं होतं... एकवीस वर्षं!

सृष्टीनं चाळीस घरांचे फॉर्म भरून आणले होते. कुणाला गावानं ढकललं, कुणाला शहरानं ओढलं, सगळं खणाखणांत लिहिलेलं. आपल्या घराचा फॉर्म तिनं शेवटी भरला. ‘मागे राहिलेल्या व्यक्तीचे कारण’ या खणापाशी आल्यावर तिनं बनुबाईंना नव्हे, आपल्या वडिलांना विचारलं. “वैनीलाच यायचं न्हवतं,” मल्हार म्हणाला आणि पोरीनं ते चांगल्या भाषेत लिहून टाकलं. जिला दीड वर्षाची असल्यापासून छातीशी धरून वाढवलं, जिच्या तोंडून ‘मोठी आई’ ऐकताना सगळ्या दुःखाचा विसर पडायचा, त्या पोरीला एकदाही वाटलं नाही की हिलाच विचारावं... बनुबाईंचं अंतःकरण त्या क्षणी आतल्या आत फाटलं. पण पंगत अर्धी होती. त्या पुढच्या ताटाकडं वळल्या.

गावाला माहीत होतं ते एवढंच. एकवीस वर्षांपूर्वी बनुबाईंचे यजमान जोतीराम आणि धाकटा मल्हार, दोघे भाऊ तमिळ मुलखातल्या सेलमला एकाच भट्टीवर होते. दुकानामागं एक खोली. मल्हारची बायको राजेश्वरी तिथं राहून सगळ्यांचं रांधायची. पण तिच्या तान्ह्या सृष्टीला ॲसिडचा धूर सोसेना, पोर निळी पडायला लागली. डॉक्टर म्हणाले, हिला इथून हलवा. तेव्हा ठरलं असं की राजेश्वरीनं लेकराला घेऊन गावी राहायचं, अंथरुणाला खिळलेल्या सासूला बघायचं, आणि इतकी वर्षं गावात राबलेल्या बनुबाईंनी आपल्या दहा वर्षांच्या शिवतेजला घेऊन नवऱ्याजवळ जायचं. ट्रंक भरली. तिकिटं आली. आणि ऐनवेळी बनुबाई म्हणाल्या, “मी न्हाई जात.” तिकडच्या शाळेत नाव घातलेला शिवतेज एकटा काकाच्या बोटाला धरून गेला, राजेश्वरी परत गेली, सृष्टी इथं राहिली. चार वर्षांत जोतीराम छातीच्या दुखण्यानं तिकडंच वारले. चौदा वर्षांच्या शिवतेजनं शाळा सोडली आणि बापाच्या जागी भट्टीपुढं बसला.

“जमिनीपायी ऱ्हायली,” गाव म्हणालं. “दुसऱ्याची पोर मांडीवर घेतली आन् आपलं लेकरू भट्टीला दिलं!” हे वाक्य शिवतेजच्या कानावर कोवळ्या वयात पडलं आणि तिथंच रुतून बसलं.

गावाला माहीत नव्हतं ते फक्त दोन बायकांना माहीत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी गोठ्यात राजेश्वरी बनुबाईंच्या पायावर कोसळली होती. “ताई, मला परत जाऊ द्या वं! ह्यांचं तितं एकीशी... मी डोळ्यानं बगितलंय. मी हितं ऱ्हायले तर माझं कुकू नावालाच ऱ्हाईल!” बनुबाई हादरल्या. मोठ्या भावाला सांगू म्हणाल्या, तर जाऊ आणखीच घाबरली. भाऊ भावावर उठेल, भट्टी मोडेल, दोन्ही चुली विझतील! आणि मग तिनं तान्ही सृष्टी पुढं केली. “हिच्या डोक्यावर हात ठिवा. ह्यातलं कुनाला बोलनार न्हाई म्हना. भावजींस्नीबी न्हाई.”

बनुबाईंनी हात ठेवला. एक-दोन वर्षांचा प्रश्न आहे, असं त्यांना वाटलं होतं. माणूस असंच फसतं!

पंगत उठल्यावर कळलं, शिवतेज यंदा नुसता जत्रेला आला नव्हता. त्यानं आपल्या हातानं शुद्ध केलेल्या चांदीचे पाच नवे टाक घडवून आणले होते. टाक म्हणजे देवघरातल्या कुलदैवतांच्या चांदीच्या प्रतिमा. घर वेगळं करणारा माणूस नवे टाक जुन्या देवांना भेटवून घेऊन जातो. घरातल्या थोरल्या बाईनं ते आपल्या हातानं द्यायचे असतात. एकदा देव वेगळे झाले की जत्राही वेगळी, दिवाही वेगळा.

“उद्या सकाळी देव दे,” सोप्यातून चपला घालता घालता तो आईकडं न बघता म्हणाला. “तिकडं घर घेतलंय. बायकोचे दिवस भरत आलेत. माझं पोर ह्या उंबऱ्याला यायचं न्हाई. मला धाडताना कुनाचा जीव तुटला न्हाई, तर माझा तरी का तुटावा?”

बनुबाईंच्या ओठांवर एकवीस वर्षांचे शब्द आले... आणि पलीकडं फॉर्म गोळा करत बसलेल्या सृष्टीचं डोकं त्यांना दिसलं. त्या खरकटी ताटं उचलू लागल्या.

सकाळी देवघरात सगळे जमले. ताम्हणात जुने काळवंडलेले टाक आणि त्यांच्याशेजारी नवे, लखलखीत. बनुबाईंनी दूध घातलं, पाणी घातलं, हळद-कुंकू वाहिलं. नवे टाक त्यांनी पदरात घेतले. आता ते लेकाच्या ओंजळीत टाकायचे आणि या घराशी त्याचा संबंध संपायचा!

“थांब मोठी आई.”

सृष्टी दारात उभी होती. डोळे सुजलेले, हातात फॉर्मांचा गठ्ठा.

“काल दादा पानावरनं उठला आणि मला झोप लागंना. मी सगळे फॉर्म परत बघितले. चाळीस घरं आहेत. जिथं जिथं दोन जावा आहेत, तिथं तान्हं लेकरू असलेली मागं राहिली आणि मोठं लेकरू असलेली नवऱ्याजवळ गेली. सगळीकडं! फक्त आपल्याच घरात उलटं झालंय.” ती राजेश्वरीकडं वळली. “आई, मी दीड वर्षाची होते. मला श्वास घेता येत नव्हता. मला टाकून तू का गेलीस?”

“आगं, पोरीनं असं इचारत्यात व्हय आईला? देवाच्या कामात...” मल्हार घाईनं म्हणाला.

“तुम्ही बोलू नका पप्पा. तुमचं ऐकून मी एकदा खोटं लिहिलंय.”

राजेश्वरी खांबाला टेकली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग जावेकडं पाहिलं. बनुबाईंनी मान हलवून ‘नको’ म्हटलं... अजूनही ‘नको’च म्हटलं! आणि ते पाहून मात्र राजेश्वरीला राहवलं नाही. तिनं हंबरडा फोडला.

“मी पाया पडले हुते ताईंच्या! ह्यांचं तितं दुसरं हुतं... मला भ्या वाटलं... ताईंची ट्रंक भरलेली हुती गं! जायला निगालेल्या बाईला मी आडवलं! तुझ्या डोक्याची आन घातली मी त्यास्नी... एकवीस वर्सं त्या शिव्या खात्यात आन् मी जत्रंला यिऊन त्यांच्या हातचं खाऊन जाते!”

मल्हारनं भिंतीकडं तोंड फिरवलं. सृष्टी बनुबाईंच्या मागं येऊन बसली.

शिवतेजची ओंजळ अजून पुढंच होती. “आई...” कितीतरी वर्षांनी हा शब्द त्याच्या तोंडून चारचौघांना दाखवायला नव्हे, आपसूक आला. “मला तरी बोलायचं हुतंस गं...”

“आन पोरीच्या डोस्क्याची हुती रं,” बनुबाई हळूच म्हणाल्या. “तापानं फनफनली की वाटायचं, मी मनात तर बोलले न्हाई?”

तो आईच्या पायाशी कोसळला. तिच्या पावलांना डोकं लावून एकतीस वर्षांचा धट्टाकट्टा माणूस लहान पोरासारखा रडला. सृष्टीनं मागून बनुबाईंच्या कमरेला मिठी मारली. “माझ्यामुळं... माझ्यामुळं झालं गं हे सगळं!” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. बनुबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. “तुजं काय बाय त्यात? तू धा शेराची गुंडाळी हुतीस.”

एवढं झाल्यावर सगळं गोड व्हायला हवं होतं. पण बनुबाईंच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. त्यांनी पदरातले टाक घट्ट धरले आणि त्या उठल्या.

“राजेश्वरी, तोंड धू. दावनीला दोन म्हशी हायत. धार पहाटं पाचला. काळी लाथ मारती, तिला आदी चारा टाक. देवापुढचा दिवा इजू द्यायचा न्हाई.”

“ताई... म्हंजी?”

“म्हंजी मी निगाले पोराबरुबर. तवा ऱ्हायलं ते आता जाते. आता तू धर घर.”

“आवं, मी एकटी कशी...”

“व्हय,” बनुबाई म्हणाल्या. “एकटीनंच धरायचं असतं.”

मल्हार काहीतरी पुटपुटला. त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही. सृष्टी दारापर्यंत रडत आली, पण ‘जाऊ नको’ म्हणायचं धाडस तिला झालं नाही. माहेरच्या कोरेगावाहून लग्न होऊन ज्या दारातून बनुबाई आत आल्या होत्या, त्या दारातून त्या एक पिशवी आणि पदरात देव घेऊन बाहेर पडल्या. वेशीपर्यंत कुलपं लावलेले बंगले होते. गाडीच्या काचेतून त्यांनी त्यातल्या एकाकडंही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेलमच्या गल्लीत गाडी थांबली. पोटुशी सून हळूहळू वाकून पाया पडली, तिला त्यांनी उरी धरलं, टाक तिच्या हाती दिले. पाणी प्यायल्या. आणि मग लेकाला म्हणाल्या, “ती खोली दाव मला.”

जुन्या दुकानामागची ती खोली आता सामान ठेवायला होती. रिकामे कॅन, कोळशाची पोती, काळपट भिंत. शिवतेजनं दोन पोती सरकवली. “हितं बाची खाट हुती.”

बनुबाई त्या जागेवर जमिनीवर बसल्या. हात फिरवून फरशी चाचपली.

“शेवटी शेवटी माजं नाव काढायचे?”

शिवतेज घुटमळला. “काढायचा की. चांगलंच बोलायचा गं...”

“खोटं नगं बोलू. लय ऐकलंय खोटं. तू मला माफ केलंस रं बाबा, पन ज्यांच्यापाशी बोलायचं हुतं ते ऐकायला ऱ्हायलं न्हाईत. फोनवर ‘का येत न्हाईस’ म्हनायचे आन् मी म्हनायचे, घर कुनी धरायचं... हे ऐकूनच गेले ते! काय म्हनायचे ते सांग मला. जसं म्हनायचे तसं सांग. निदान त्यांचा राग तरी माज्या वाट्याला यिऊ दे.”

शिवतेज भिंतीला टेकून तिच्यासमोर बसला. मग तो खालच्या मानेनं, बापाच्या बोलीत, एकेक सांगू लागला.

“म्हनायचा, तुज्या आईला माज्यापरीस घर प्यारं.”

“व्हय,” बनुबाई म्हणाल्या.

“म्हनायचा, मी मेलो तरी ती जमीन सोडून यायची न्हाई.”

“व्हय.”

“म्हनायचा... तिला लेकराचीबी माया न्हाई.”

बनुबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पुसायला त्यांनी पदरही उचलला नाही.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “आनि?”