कोपऱ्यातून दिसलेली रेघ

अगं बायांनो, ऐका तर! अडतीस सालची दिवाळी नुकतीच सरलेली. खापर गावच्या गौतमचंदची नवी बायको सज्जन तिन्हीसांज उलटल्यावर गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला गेली, आणि तिथं कोण? नवराच! सुरतेहून आणलेल्या पितळी दुर्बिणीला डोळा लावून वाकलेला.

आता नवराच तो, त्यात काय, म्हणाल. पण सासरी येऊन दोन महिने झाले, तरी दोघं धड बोललीसुद्धा नव्हती! दिवसभर घर माणसांनी भरलेलं, आणि अंधार पडला की हा कुठं गायब व्हायचा, कुणास ठाऊक. ती बिचारी सासूजवळ निजायची. उद्या भाऊ न्यायला येणार होता. नंदुरबारला गेलं की परत यायचंच नाही, असं तिनं पक्कं ठरवलं होतं. जो बघतही नाही, त्याच्या घरी कशाला राहायचं?

“काय शोधी ऱ्हायनात?” तिच्या तोंडून निसटलंच.

तो दचकला, मग हसला. “आईसमोर मारवाडी, आणि माझ्याशी अहिराणी?”

“तुमच्याशी बोललेच कधी मी?”

तो ओशाळला. “एक रेघ शोधतोय... वीस दिवस झाले. आपल्यासारखीच अख्खी आकाशगंगा आहे तिथं, जिलेबीसारखी वळलेली. पण आपल्याला कडेनं दिसते.”

“मग काडीच दिसणार की!”

“मला तर काडीही दिसत नाही.”

ती घुंगटासकट वाकली. आधी नुसता काळोख... मग सवयीनं नजर बाजूला सरकली, आणि—

“दिसली! पुसट, तिरकी... अहो, सरळ बघू नका, सरळ बघितलं की पळते. दुसरीकडे बघायचं, अन् कोपऱ्यातून हळूच...”

त्यानं तसंच केलं. “सज्जन... दिसली गं!” पहिल्यांदा नाव घेतलं हं त्यानं! “पण तुला कसं कळलं?”

“दोन महिने तुम्हाला असंच तर बघतेय.”

तो अगदी हळू म्हणाला, “मला वाटलं, मी आवडतच नाही तुला. म्हणून इथं येऊन बसायचो.”

“मी तर परत न येण्यासाठी निघाले होते...”

“आणि आता?”

“गुरुवारी न्यायला या. जिलेबी घेऊन.”

त्यानं आकाशाकडे बघून चक्क हात जोडले.

“हे कुणाला?”

“त्या रेघेला. वीस दिवस दिसली नाही, उपकारच तिचे! आधीच दिसली असती, तर आज ‘काय शोधताय’ म्हणून तू विचारलं असतंस का?”

तिनं घुंगट मागं सारला आणि त्याच्याकडे सरळ बघितलं. अगदी सरळ.

तो काही पळाला नाही.