दाराची दुसरी फळी

हे खरं घडलंय. पटत नसेल तर राहू द्या, माझं काही जात नाही. आणि अमावास्येची रात्र वगैरे काही नव्हती. रविवारची भरदुपार होती, धरणावर मुंगी शिरायला जागा नव्हती आणि माझी बोट गच्च भरलेली होती.

मी धरणाच्या पाण्यावर पर्यटकांना फिरवतो. लोक येतात, भिंतीसमोर दात काढून फोटो घेतात, "अय्या, किती शांत आहे इथे!" म्हणतात.

शांत असणारच. खाली आमचं गाव आहे.

गाव उठलं तेव्हा लोकांनी घरांची दारं काढून सोबत नेली. नवी जागा मिळाली होती, पण लाकूड कोण देणार? आईच्या घराचं दार दोन फळ्यांचं, सागवानी. ट्रकमध्ये एकच फळी मावली. आईचं तेव्हा लग्न झालं नव्हतं. तिनं धाकट्या भावाला, सोन्याला, परत पिटाळलं.

"एका फळीचं दार कसलं? पळत जा, दुसरी घेऊन ये."

पाणी आज चढणार नाही, असं धरणाचे साहेब सांगून गेले होते.

पाणी चढलं...

सोन्यामामा सापडलाच नाही. साहेब म्हणाले, "पोरगा शहरात पळाला असेल." झालं, हात झटकून मोकळे!

तेव्हापासून आमच्या दाराला एक फळी सागाची आणि दुसरी प्लायवूडची. लग्नानंतरही आईनं नव्या जागेतलं ते घर सोडलं नाही, बाबाच तिथे राहायला आले. आणि आई दाराला आतून कधी कडी लावायची नाही. चोर शिरला तर, असं विचारलं की एकच उत्तर.

"शिरू दे. माझा भाऊ बाहेर आहे."

धरणाकडे तिनं कधी ढुंकूनही पाहिलं नाही. पण यंदा तिचे डोळे जायला लागले. डॉक्टरांनी मान हलवली. त्या रविवारी ती म्हणाली, "दिसतंय तोवर एकदा दाखव. त्याला विचारायचंय, रागावलास का म्हणून."

मी तिला बोटीत पुढे बसवलं.

मधोमध गेलो की आम्ही सगळेच बोटवाले इंजिन बंद करतो. लोक आपापल्या माणसांची नावं घेऊन ओरडतात, समोरच्या डोंगरावरून आवाज परत येतो. टाळ्या पडतात. पैसे वसूल.

त्या दिवशीही तसंच झालं. एक नवरा बायकोच्या नावानं ओरडला. आवाज परत आला. पोरं ओरडली. परत आला.

मग आई उठून उभी राहिली.

"सोन्याऽऽऽ!"

काहीच नाही...

डोंगर मुका. मला वाटलं, म्हातारीचा आवाज पोचला नसेल. पण पाणीसुद्धा बोटीला लागायचं थांबलं होतं.

आणि मग खालून...

ठक. ठक.

बोटीच्या बुडाला. लाकडावर हातानं मारावं तसं. मागोमाग लोखंडी कडी खुळखुळली. माझी बोट फायबरची आहे हो! तिला कसली आलीय कडी?

"काका, इफेक्ट भारी आहे!" एकानं मोबाइल काढला. बाकीचे हसले. मेल्यांनो, हसा!

आई वाकली, पाण्याला हात लावून हळूच म्हणाली, "दार उघडंच आहे रे. ये."

ठोके थांबले. मी इंजिन सुरू केलं आणि बोट थेट काठाला आणली.

संध्याकाळी घरी पोचलो. प्लायवूडची फळी अंगणात आडवी पडली होती.

तिच्या जागी...

सागाची फळी. काळी पडलेली, शेवाळलेली, पाणी टपकत असलेली. बिजागऱ्या बरोब्बर बसलेल्या.

उंबऱ्यावरून अनवाणी पावलं आत गेली होती. ओली.

बाहेर येणारं एकही पाऊल नव्हतं.

आईनं दोन्ही फळ्यांवरून हात फिरवला आणि ती लहान मुलीसारखी रडली. मग तिनं दार लावलं आणि आतून कडी घातली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटलं, सुटली बिचारी.

कसलं सुटणं!

बोटींचा ठेका असलेल्या आमच्या शेठनं आता धरणावर पाटी लावलीय, 'ठकठक पॉइंट'. लोक झुंबड उडवतात, कान लावतात. तिथे काही ऐकू येत नाही.

ते आमच्याकडे ऐकू येतं. रोज. त्या ओल्या फळीवर...

आतल्या बाजूनं.

ती फळी अजून वाळलेली नाही. परवा मी हात जोडले. "आई, मामाला जायचंय गं. कडी काढ."

तिला आता जवळजवळ दिसत नाही. पण कडीवरचा हात ती हलवत नाही.

"नाही," ती म्हणाली. "एकदा मीच पाठवला होता."