शून्य तिकिटामागचं गणित

अगं थांब, तो मोबाईल ठेव बाजूला आणि नुसतं ऐक. मधी मधी 'मंग काय झालं' म्हणू नको, मी सांगायलीयच की!

आपल्या राजेश्वर गावची विभा हाय न्हवं, गुंडेराव मास्तरांची, लांब वेणीवाली, बीएस्सीला आपल्या इकडच्या कल्याणला जाती बघ... ती. तिला पहिल्या टेस्टला गणितात वीसपैकी चार पडले. मास्तरांच्या पोरीला चार! एकट्या एक्सचं कॅल्क्युलस हुतं तोवर बरं चाललं हुतं. ह्या वर्षी एक्स आणि वाय दोघं एकदम आले आणि पोरगी आडवी झाली. एकाचं दोन झालं की बिघडतंच गं सगळं. आता हसू नको, मी गणिताचंच सांगायलीय.

तर डिसेंबरातली सकाळ. हुमनाबादहून येणारी बस उसाच्या ट्रॅक्टरामागं गोगलगायीसारखी चाललेली. विभाला खिडकी मिळाली हुती, वही मांडीवर, पेनाचं टोपण दातात. एक्सचा वर्ग गुणिले वाय, आणि डेरिव्हेटिव्ह काढायचं फक्त एक्सच्या बाजूनं. हिनं एक्सचं पण काढलं, वायचं पण काढलं, आणि दोन्ही मिळून काहीतरी भलतंच लिवलं.

मागच्या शिटावरून आवाज आला, "वायला कामून हात लावायलात? त्याला गप बसू द्या की."

विभा वळली. "तुमाला कोण विचारलं?"

"कुणी न्हाई. पण हाल बघवंनात त्या वायचे. एक्सचं काम चालू हाय न्हवं? मंग वायनं जागचं हलायचं न्हाई. दगडासारखं बसायचं."

"व्हय का! एक्स तिकडं नाचत फिरणार आणि वायनं नुसतं बघत बसायचं? त्याला काय वाटत न्हाई?"

 पोरगा हसला — आणि हसला की त्याच्या डाव्या गालावर खळी पडती, ही विभानंच मला सांगितलेली गोष्ट हाय. "वायला कुणी विचारतच न्हाई बघा," म्हणाला.

त्याचं नाव शिवशंकर. औरादकडच्या चिंताकी गावचा, बोलता बोलता मधीच तेलुगूचा हेल. राजेश्वरात रत्नम्मा आत्याकडं राहायला आला हुता. विभाच्याच वर्गात, पण मागच्या बाकावर, म्हणून हिनं कधी बघितलाच नव्हता. आता नवल बघ, त्याच्या आत्याचा पोरगा पिराजी रोज त्याच वेळेला फटफटीवर कल्याणला जातो, मागची शीट रिकामी. तरी हा बसनं! विभाला एकदा वाटलं विचारावं. न्हाई विचारलं.

आता तिकिटाची गंमत ऐक. आपल्याला बायकांना बस फुकट, पण तिकीट घ्यावंच लागतं न्हवं, शून्य रुपयाचं? तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यानं मागून हात पुढं केला. "ते शून्य इकडं दे बघू." तोवर 'तुमी'चं 'तू' झालं हुतं, कधी झालं ते दोघांनाबी कळलं न्हाई. त्यानं तिकिटाच्या कोऱ्या बाजूला एक गणित लिवलं आणि तिच्या खांद्यावरून पुढं सोडलं. "बंगल्याचा फाटा येईस्तोवर, उतरायच्या आधी, सोडवायचं. सुटलं तर तुझी बॅग कॉलेजपतोर मी उचलणार. न्हाई सुटलं तर माझी तू."

"तुझ्या बॅगेत काय दगडं भरलीत का?"

"उद्यापासून भरतो की."

पहिल्या आठवड्यात विभाच हमाल. दुसऱ्या आठवड्यात निम्मं निम्मं. तिसऱ्यात रोज तिची बॅग त्याच्या खांद्यावर, आणि दुसऱ्या टेस्टला वीसपैकी पंधरा! ती सगळी तिकिटं तिनं कंपासपेटीत ठेवली, रबर लावून. त्या तिकिटांची छपाई लवकर उडती, तुला ठाऊक हाय. गावाचं नाव उडालं, तारीख उडाली, शून्य उडालं... मागचं त्याचं अक्षर तेवढं राहिलं.

आणि मंग आली दानेश्वरी.

आली म्हंजे, हुतीच. हुमनाबादची, वर्गात पहिली येणारी, कन्नडात असं फडाफडा बोलती की आपल्याला येत असूनसुद्धा निम्मंच हाती लागतं. पुढच्या शिटावर बसती. तिच्याकडं बघावं असं विभाला कधी वाटलंच नव्हतं. एका सांजच्याला कॉलेजातून परत येताना विभानं बघितलं, शिवशंकर दानेश्वरीच्या शिटापाशी दांडा धरून उभा. ती काहीतरी सांगायली, हा मान डोलवायला. मंग तिनं आपलं सकाळचं संपलेलं शून्य तिकीट काढलं, मागं काहीतरी लिवलं, आणि त्याला दिलं. ह्यानं ते घडी करून खिशात ठेवलं. शर्टाच्या, अगं! वरच्या! डावीकडच्या!

 विभाला हिरवी मिरची चावल्यासारखं झालं. 'तिकिटाची गोष्ट आमची हाय,' एवढंच तिच्या डोक्यात फिरायलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, आणि वर खळी!

सकाळी त्यानं विचारलं, "आज बोलंनास कामून?"

"मी वाय हाय," विभा म्हणाली. "एक्सचं काम चालू हाय न्हवं? मी दगडासारखी बसलीय."

त्याला काय कळतंय! "आज सोपं देतो," म्हणाला बिचारा.

चौथ्या सांजच्याला राजेश्वर आलं. एका म्हातारीचं तुरीचं गाठोडं उतरवायला शिवशंकर वाकला आणि खिशातलं तिकीट खाली पडलं. विभाच्या चपलेपाशी. विभानं काय केलं? चप्पल ठेवली त्यावर! तो उतरून गाठोडं रिक्षापतोर न्यायला गेला, तेवढ्यात हिनं उचललं, खाली उतरली आणि थांब्याच्या आडोशाला उघडून बघितलं. दानेश्वरीचं गोलगोल अक्षर. एक गणित. एक्सचा वर्ग, अधिक एक्स-वाय, अधिक वायचा वर्ग. ह्याचं किमान कुठं, कमाल कुठं? आणि कोपऱ्यात... एक फूल काढलेलं. पाच पाकळ्यांचं.

त्या फुलानं घात केला बघ. विभानं पेन काढलं, आणि मधल्या एक्स-वायच्या आधी एक बारका तीन घुसवला. तीनच कामून, तर तिला तेव्हा सगळीकडं तिघंच दिसायले हुते. बसू दे रडत दोघांना उत्तर शोधत! मंग साळसूदपणे त्याच्या हातात दिलं, "हे पडलंय तुझं."

"बरं झालं गं, मिळालं!" म्हणाला. किती जपून ठेवलं परत खिशात. विभाला आणखी राग आला.

आता खरी गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस आली. दानेश्वरी पुढं बसलेली. शिवशंकर मागं बसला, तोंड उतरलेलं. कंडक्टर म्हणाला, "अक्का, तिकीट." विभानं शून्य घेतलं. सवयीनं मागून हात आला. विभानं द्यावं का न्हाई करत करत दिलं, आणि त्यानं लिवून खांद्यावरून पुढं सोडलं.

एक्सचा वर्ग. अधिक तीन एक्स-वाय. अधिक वायचा वर्ग.

तिचाच तीन, अगं! तिच्याच मांडीवर!

विभा अशी गर्रकन वळली की वेणी शेजारच्या बाईला लागली. "हे... हे कुठून आणलास?"

शिवशंकरनं मान खाली घातली. "खरं सांगू? हसू नको. मला गणितं सुचत न्हाईत. पहिल्या तीन आठवड्यांत जेवढी येत हुती तेवढी संपली. मंग दानेश्वरीच्या पाया पडलो. ती रोज एक देती. मी घरी नेऊन आधी सोडवतो, उत्तर आलं तरच तुला देतो. तुझ्यापुढं अडकलो तर लाज जाईल न्हवं."

"आणि... ते फूल?"

"कोणतं फूल? आँ, ते? सोप्या गणितावर ती फूल काढती, अवघडावर काटा." तो खिडकीबाहेर बघायला लागला. "पण हे सोपं न्हाई. काल दिवे लागल्यापासून बसलो, सुटलं न्हाई, दुसरं न्हवतं म्हणून तसंच दिलं. ते पडताळून बघायचं, दोन दुणे चार, त्यातनं मधल्या तीनाचा वर्ग, नऊ, गेला... उणे पाच! उणे आल्यावर काय, ते सरांनी अजून शिकवलंच न्हाई. मुद्दाम दिलं तिनं. फूल काढून फसवलं. आता उतरल्यावर जाऊन सांगतो, तुझं गणितबी नको आणि तूबी नको."

ऐकलीस? विभानं नुसतं गप्प बसायचं हुतं. एक शब्द बोलायचा नव्हता. दानेश्वरी आपोआप जाणार, खिसा रिकामा होणार, सगळं तिच्या मनासारखं. बंगल्याचा फाटा पाच मिनिटांवर. पुढं दानेश्वरीचा जुडा दिसायला, त्यातलं अबोलीचं फूल हलायलं. तिला बिचारीला काय ठाऊक.

विभानं ओठ चावला. मंग तिकीट परत मागं सरकवलं.

"तो तीन... माझा हाय."

"म्हंजे?"

"मी घातला. काल. थांब्यावर." आणि रडू आवरत म्हणाली, "तिचं तिकीट तुझ्या खिशात बघवंना मला."

 शिवशंकरनं पेन घेतलं, तीनावर काट मारली आणि तिकीट पुढं केलं. "आता सोडव."

तिनं सोडवलं. चारातनं एक गेला, तीन. उणे न्हाई. किमान. कुठं? शून्य, शून्य.

"बघ," तो हळूच म्हणाला, "तू रोज शून्यात येतीस. मी पैसे देऊन येतो. पिराजीच्या फटफटीवर फुकट जागा असताना. आता हे गणित मीच घातलंय हां, दानेश्वरीनं न्हाई... एवढं पण सुटंना का तुला?"

विभा लाल! नुसती लाल! खळीकडं बघायची सोय न्हाई आणि न बघता ऱ्हावत न्हाई. "सुटलं," म्हणाली, इतकं हळू की इंजिनाच्या आवाजात त्याला कसं ऐकू गेलं देव जाणे. पण गेलं. त्यानं तिची बॅग उचलून आपल्या मांडीवर घेतली.

पण विभाचं काम राहिलं हुतं. ती उठली, दांडे धरत धरत पुढं गेली आणि दानेश्वरीला सगळं सांगितलं. तीन, चप्पल, फूल, सगळं.

दानेश्वरीनं ऐकून घेतलं आणि एवढ्या मोठ्यानं हसली की कंडक्टरनं वळून बघितलं. "उणे पाच? अगं त्या आकाराला खोगीर म्हणत्यात, ना तळ ना टोक! रातभर खोगिरावर बसवलीस गं त्याला!" मंग सरकून जागा दिली, जुड्यातनं अबोलीचं एक फूल काढलं आणि विभाच्या हातावर ठेवलं.

"आता एक सांग," म्हणाली. तिच्या डोळ्यांत हसू हुतं का दुसरं काय, विभाला आजतागायत कळलं न्हाई. "उद्याचं गणित थेट तुला देऊ, का त्याच्या हातानं पाठवू?"

आता बघ हं. थेट घेतलं तर त्याचं अक्षर गेलं, खांद्यावरून येणारं तिकीट गेलं. त्याच्या हातानं म्हणावं तर रोज सांजच्याला तो परत तिच्या शिटापाशी उभा, आणि तिचं तिकीट त्याच्या वरच्या खिशात.

बस फाट्यावर थांबलेली, दानेश्वरी तोंडाकडं बघायली, मागं तो बॅग घेऊन उभा... तू असतीस तर काय म्हणाली असतीस गं?