सातव्या तक्त्याचे खिळे

आपल्या गावच्या हॉलचं दार रस्त्याकडे न येता पाठीमागच्या अंगाला का, माहीत आहे का तुम्हाला?

शेगडीजवळ सरका, सांगतो. गोष्ट माझ्या मेव्हण्याची, डेन्झिल पॅस्कोची. सुतार माणूस, खोटं बोलायचं त्याच्या जिवावर येतं.

हा हॉल म्हणजे पहिल्या महायुद्धातली शिपायांची लाकडी बराक. युद्ध संपल्यावर गावाने ती विकत घेतली. आकडे घातलेले तक्ते आगगाडीने आले. जोडताना डेन्झिलच्या आजोबांनी दोन लांब भिंतींची अदलाबदल केली. छावणीत दार उत्तरेला होतं, इथे दक्षिणेला गेलं. उत्तरेला, रस्त्याच्या बाजूला, दाराच्या जागी भिंतीचा सातवा तक्ता बसला. चूक कळली तोवर छप्पर चढलं होतं. "राहू दे," आजोबा म्हणाले, "चहा कुठल्याही दाराने आला तरी गोडच लागतो."

गेल्या नोव्हेंबरात त्या तक्त्याचे बाहेरचे खिळे नाहीसे होऊ लागले. रोज दोन, कधी तीन. शुक्रवारी इमारतींचा तपासनीस येणार होता. भिंत सैल निघाली की हॉल पाडायचा, हे ठरलेलं. मग गावातल्या म्हाताऱ्यांनी बुधवारी जेवायला जायचं कुठे? डेन्झिलचा संशय हॉलच्या समितीच्या अध्यक्षावर, क्लाइव्ह हॉकिंगवर. त्याला विटांचा नवा हॉल हवा होता.

"खिळे जमवून घरटं बांधतोयस का रे?" डेन्झिलने त्याला भर दुकानात विचारलं.

"तुझ्या आजोबांना डावं-उजवं कळलं नाही, आणि तुला चोर कळतो होय?"

गुरुवार, तेरा नोव्हेंबर. रात्री पावणेदहाला डेन्झिल टेबलं बाजूला लावायला म्हणून हॉलमध्ये गेला. काम उरकलं. पण घरी गेला नाही. आतून कडी लावली, दिवा मालवला आणि चोराची वाट बघत बसला.

बारा वाजून दहा मिनिटांनी टकटक झाली. उत्तरेच्या भिंतीवर. बाहेरून. तीनदा.

डेन्झिलने हळूच क्लाइव्हच्या घरचा फोन लावला. बराच वेळ वाजला.

"अरे राजा, मध्यरात्र झालीय!" क्लाइव्ह खेकसला. मागे त्याची बायको कुरकुरत होती. "कोण मेलं?"

डेन्झिलने फोन ठेवला.

टकटक चालूच होती.

मग कर्र... खिळा उपसल्याचा आवाज. आणखी एक.

त्याला शिपायांच्या छावणीतलं दार आठवलं. उत्तरेचं.

"पोरांनो..." तो म्हणाला, "दार तिथे नाही. मागच्या अंगाला आहे. चूक... आमची झाली."

आवाज थांबला.

मग बूट. खडीवर. एकाचे नाहीत... पुष्कळांचे. भिंतीला वळसा घालून आले. दारापाशी थांबले.

डेन्झिलने कडी काढली. दार उघडलं. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

गार वारा पाठीवरून गेला. कोट अडकवायच्या खुंट्या वाजल्या. एक... एक... एक...

मग काहीच नाही.

सकाळी आठला तपासनीस आला आणि भिंत पक्की आहे असं लिहून गेला. सातव्या तक्त्याचे सगळे खिळे जागच्या जागी ठोकलेले होते. हे रात्री डेन्झिलनेच ठोकले, असं क्लाइव्हला वाटलं. पण डेन्झिलची हातोडी घरीच होती. खिळे जुन्या घडणीचे, चौकोनी डोक्यांचे होते. एकावरही गंज नव्हता.