पब्लिकला सावली नको

माणसाला शेवटपर्यंत साथ देते ती एकटी त्याची सावली. नातीगोती, पैसा, तारुण्य सगळं सोडून जातं, सावली जात नाही. असं लिहिणाऱ्यांनी नगररचना विभागात कधी नोकरी केलेली नसावी. तिथे चित्रांतल्या सावल्यांचा वेगळा लेयर, म्हणजे थर असतो, आणि तो कॉम्प्युटरवर एका क्लिकमध्ये बंद करता येतो.

तिने तो बंद केला होता. साहेबांनी सांगितलं म्हणून.

ती त्या विभागात चित्रं करायची. शहर लहान, पण आराखडा मोठा. मधली व्यापारपेठ, म्हणजे खेटून बसलेली दुकानं, लोंबणाऱ्या वायरी आणि टेम्पो आला की अडणारा रस्ता, हे सगळं पाडून तिथे मोकळा चौक होणार होता. बाकडी, कारंजं, भोवती काचेच्या इमारती. झाल्यावर ते कसं दिसेल, हे आधीच दाखवायचं काम तिच्याकडे. अशा चित्रांत चालती-बोलती माणसं टाकावी लागतात. ऑफिसात त्यांना 'पब्लिक' म्हणत. पब्लिक तयार मिळतं. फुगा धरलेली मुलगी, खांद्यावर पोर घेतलेला बाप, कॉफीचा कप घेऊन कुठेतरी निघालेली आणि कधीच न पोचणारी बाई. जगातल्या सगळ्या नियोजित चौकांत हीच मंडळी हिंडत असतात, आणि त्यांची अजून एकही तक्रार आलेली नाही.

"एखादा आपल्याकडचा चेहरा टाका," साहेब म्हणाले होते. "लोकांना आपलंसं वाटलं पाहिजे. आणि पब्लिकच्या त्या सावल्या काढा. चौक उदास वाटतो."

पेठेच्या पाहणीत तिने काढलेल्या फोटोंत एक माणूस होता. दिव्यांच्या दुकानाबाहेर स्टुलावर उभा राहून तो दारावरचा बल्ब बदलत होता. मान वर, एक हात वर, आणि चेहऱ्यावर असं काही, की जणू बल्ब नाही, चंद्रच बसवतोय. तिने त्याला कापून घेतलं. स्टूल, बल्ब आणि दुकान बाजूला टाकलं, आणि त्याला नव्या चौकाच्या मधोमध उभं केलं. आधी एका चित्रात. मग दुसऱ्या... मग का कोण जाणे, सगळ्याच.

समितीने चित्रांना प्राथमिक मंजुरी दिली. त्यातलं सर्वांत हसरं चित्र मोठ्या फलकावर छापून पेठेच्या तोंडाशी लावलं गेलं.

आणि एका दुपारी तो माणूस तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"चित्रं तुम्हीच करता ना?"

"तक्रार असेल तर खिडकी खाली आहे," ती मान वर न करता म्हणाली.

"खाली जाऊन आलो. त्यांना मी दिसलोच नाही."

ही तक्रार सगळेच करतात, म्हणून तिने फारसं मनावर घेतलं नाही. मग वर पाहिलं, आणि हातातलं पेन तसंच राहिलं. त्याला ती या जन्मात कधी भेटली नव्हती, पण डाव्या भुवईतली बारीक खूण तिला पाठ होती. त्या खुणेभोवतीचा एकेक केस तिने स्क्रीनवर मोठा करून कापला होता.

"तुम्ही माझी सावली काढलीत," तो अगदी नम्रपणे म्हणाला, छत्री विसरलेला माणूस बोलतो तसा. "रागावू नका, पण ती परत हवी होती."

दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं होतं. गजांच्या सावल्या फरशीवर आखल्यासारख्या पडल्या होत्या. त्या सावल्यांच्या मधोमध तो उभा होता, आणि त्या त्याच्या पायांशी कुठेही तुटत नव्हत्या. सरळ पलीकडे जात होत्या.

तिने उन्हात हात धरला. टेबलावर हाताची सावली पडली. त्यानेही आपला हात तिच्या हाताशेजारी धरला, बोटाला बोट लागणार नाही इतक्या अंतरावर. टेबलावर सावली एकाच हाताची होती.

"कधीपासून?" तिचा आवाज उगाचच खाली आला.

"फलक लागला त्या दिवसापासून. आधी वाटलं, आभाळ आलंय."

"सॉरी..."

"एक विचारू? खाली भिंतीवर सगळी चित्रं लावलीत. त्या सगळ्यांत मीच का?"

"फाइलमध्ये होतात."

"फाइलमध्ये ती फुगेवालीपण असेल. ती तर एकाच चित्रात आहे."

तिने स्टेपलर उचलला, आणि स्टेपल करण्यासारखं काहीच नसताना दोन कोरे कागद एकमेकांना जोडले.

दुसऱ्या दिवशी ती पेठेत गेली. ऑफिसात 'स्थळपाहणी' असं सांगून. स्थळ कोणतं, हे कोणी विचारलं नाही.

फलक मोठा होता. पांढऱ्या स्वच्छ चौकात हसरी माणसं जमिनीपासून किंचित वर तरंगत होती. सावली नसली की पाय टेकत नाहीत, हे तिला स्क्रीनवर कधी जाणवलं नव्हतं. मधोमध तो, मान वर करून आभाळातल्या कशाकडे तरी हात नेणारा. तिथे काहीच नव्हतं. तिनेच ते काढून टाकलं होतं.

दिव्यांचं दुकान चिंचोळं. छताला टांगलेले दिवे भरदुपारीही जळत होते आणि भिंतीभर सावल्या हलत होत्या. दिव्यांच्या, साखळ्यांच्या, तिच्या स्वतःच्या. तो तिला बसायला जागा करून द्यायला म्हणून स्टुलावर चढून वरचा एक दिवा बाजूला करायला लागला. भिंतीवर रिकाम्या स्टुलाची सावली होती आणि तिच्या वर एका दिव्याची सावली आपोआप सरकत गेली.

"घाबरलात?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग माझी बाही सोडता का? खाली उतरतो."

तिने बाही सोडली. लगेच नाही.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. "कोणी आहे का?"

"आहे ना, बोला," तो त्याच्यासमोर उभा राहून म्हणाला.

गिऱ्हाईकाने दिवे पाहिले, तिला पाहिलं, घड्याळ पाहिलं. "दुकान उघडं टाकून जातात लोक," असं तिला म्हणून ते निघून गेलं.

"आधी दोनदा बोललं की दिसायचो," दिवेवाला म्हणाला. "आता..." आणि तो हसला. ते हसणं तिला तिच्या चित्रातल्या माणसांसारखं वाटलं.

जिन्यावरून आवाज आला. त्याची आई अर्ध्या पायऱ्यांवर उभी होती. दुकानावरच्या दोन खोल्यांत मायलेक राहत. "नकाशेवाली तूच का गं? बरं झालं आलीस. याला सांग, जरा पाय वाजवत येत जा. जिन्यात बल्ब आहे ना, आधी भिंतीवर याची सावली यायची, मग हा. मी सावली बघून चहा टाकायचे. आता हा एकदम समोर उभा. आईने पोटच्या पोराला बघून दचकावं का?"

"आई, पुरे."

"पुरे कसं? काल ताट एकच वाढलं मी. एकच." म्हातारी तिच्याकडे बघून म्हणाली, अगदी खालच्या आवाजात. "विसरले असं नाही गं... दुसरं वाढायचं असतं, हे सुचलंच नाही."



"शुक्रवारी अंतिम मंजुरी आहे," ती बाहेर आल्यावर त्याला म्हणाली. "त्यानंतर चित्रात बदल करता येत नाही."

"म्हणजे माझ्यातही नाही."

रस्त्यातल्या डबक्यात दुकानाची पाटी उलटी दिसत होती, तिचा चेहरा दिसत होता, आणि त्याच्या जागी नुसताच पातळसा धूर.

साहेबांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. "भाडेकरू आहे की मालक?"

"भाडेकरू."

"मग सावली मालकाची. त्याला हक्क सांगता येणार नाही."

"सर, माणूस पुसला जातोय."

"पेठेचा विकास म्हटल्यावर थोडंफार इकडेतिकडे होतंच." साहेबांनी चष्मा काढला. तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना काहीतरी समजलं. मुलींचे बाप झाल्यावर समजतं तसलं. "एक सावली टाका. एकच. आणि मी ती पाहिलेली नाही."

तिने सावल्यांचा लेयर पुन्हा चालू केला. फुगेवालीची परत आली. बापाची, पोराची, कॉफीवालीचीही. त्याच्या पायाशी पांढरी फरशी तशीच राहिली. मग तिने नेहमीचा उपाय केला. माणसाचीच आकृती उचलायची, काळी करायची, जमिनीवर आडवी टाकायची. झकास पडली. फाइल सेव्ह करून पुन्हा उघडली, तर फरशी कोरी. असं तीन वेळा झालं. त्याच्याच आकृतीतून त्याची सावली काढून देता येत नव्हती. कोणाची तरी खरी लागणार होती.

गुरुवारी दिवेलागणीला ती दुकानात गेली, गळ्यात कॅमेरा अडकवून.

"मी स्टुलावर चढते. तुम्ही दिवा धरा. तुम्ही बल्ब बदलताना उभे राहता, तशी उभी राहीन. फरशीवर सावली पडेल, तिचा फोटो तुम्हीच घ्यायचा," ती कॅमेरा त्याच्या हातात देत म्हणाली.

त्याला समजायला वेळ लागला नाही. "आणि तुमची?"

"मी ऑफिसात ट्यूबलाइटखाली बसते. तिथे कोणाचीच पडत नाही."

"नको." त्याने दुकानातले सगळे दिवे विझवले. "हे मी घेणार नाही."

"मग शुक्रवारनंतर तुमच्या आई एकाच माणसाचा चहा टाकतील," ती अंधारात म्हणाली. "तुम्ही समोर बसून बघाल. त्यांना वाईटसुद्धा वाटणार नाही. चालेल?"

अंधारात स्टूल सरकवल्याचा आवाज झाला. मग एक दिवा लागला.

"हात अजून वर," तो म्हणाला. "मी उंच आहे."

"मी नाही. चालवून घ्या."

"मान जरा डावीकडे. नाही... अशी." त्याची बोटं तिच्या हनुवटीजवळ येऊन थांबली. "दाखवू, की नुसतं सांगू?"

"सांगूनच होणार असेल तर सांगा."

"सांगून नाही होणार."

"मग विचारता कशाला?"

मान नीट बसायला गरजेपेक्षा जास्त वेळ लागला. फरशीवर एक हात वर केलेली सावली पडली होती, स्थिर, काळी. त्याने कॅमेऱ्याचं बटण दाबलं. क्लिक झालं तेव्हा तिला पायाखालून कोणीतरी अलगद चादर ओढून घेतल्यासारखं वाटलं. ती स्टुलावरून उतरली, पण खाली पाहिलं नाही.

रात्री तिने फोटोतली सावली कापून चित्रांत त्याच्या पायाशी बसवली; या वेळी ती टिकली. शुक्रवारी समितीने चित्रं मंजूर केली. चित्राकडे कोणी पाहिलं नाही, त्यामुळे चर्चा खेळीमेळीत झाली. एका सदस्याने पार्किंग कुठे आहे म्हणून विचारलं. "ते नंतर बघू," साहेब म्हणाले, आणि शिक्का पडला.

ती पेठेत पोचली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. दुकानासमोर एक बाई दिवेवाल्याशी भांडत होती. दिवा आठवड्यातच गेला, बदलून द्या, तुम्ही लोक असेच. तो ते ऐकून इतका खूष दिसत होता, की बाई आणखी चिडली. त्याच्या पायाशी लांबलचक सावली पडली होती. तो नवा दिवा आणायला वळला, तेव्हा सावलीच्या पाठीवर वेणी हलली.

बाई गेली. तो तिच्याकडे आला. तिच्या पायांकडे बघितलं. तिथे नुसतं ऊन होतं.

"हिला वेणी आहे," तो म्हणाला.

"काढायची राहिली. घाई होती."

"तुम्ही घाईत कापत नाही. माझी भुवई पाहिलीय मी फलकावर." तो थांबला. "सगळ्या चित्रांत मीच का?"

"सांगितलं ना, फाइलमध्ये..."

"फाइल बंद झाली आता. शिक्का पडला."

"माझ्या चित्रांतली सगळी माणसं समोर बघून हसतात," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "तुम्ही एकटेच वर बघत होतात... मला रोज सकाळी फाइल उघडली की तुम्ही तिथे हवे असायचात. झालं समाधान?"

"नाही," तो म्हणाला. "चित्रात तुम्ही कुठेच नव्हता. मी शोधलं होतं."

मग तो तिच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला. सावली त्याच्या पायापासून निघाली होती, पण उन्हाचा अंदाज घेत त्याने एक पाऊल बाजूला घेतलं, आणि ती दोघांची दिसायला लागली.

"आता बरोबरच चालावं लागणार," तो म्हणाला. "एकीत दोघांनी भागवायचं."

"लोकांच्या लक्षात येईल."

"सावल्या कोण मोजतं? फक्त हात सोडायचा नाही."

"हे सावलीसाठी?"

"हे... सावलीचं निमित्त."

वर जिन्यात बल्ब लागला होता. आईने भिंतीवर वेणी असलेली सावली चढताना पाहिली आणि आधणात दोन कप पाणी वाढवलं. दोघं समोर आली तेव्हा ती दचकली नाही. "पाय वाजवले नाहीत तरी चालेल आता," एवढंच म्हणाली.

पुढल्या वर्षी त्यांचं लग्न झालं. अजूनही दोघं पेठेत हात धरून फिरतात आणि तरुण मुलं त्यांच्याकडे बघून उसासे टाकतात. उन्हात तर ती एकमेकांना क्षणभरही सोडत नाहीत.

पुनर्विकास त्या मंजुरीनंतर महिनाभरातच पार्किंगच्या मुद्द्यावर रद्द झाला, सगळी चित्रं रद्दबातल ठरली, सावल्या ज्याच्या त्याला परत मिळाल्या, आणि फलक उलटा करून त्यावर आता गाद्यांच्या सेलची जाहिरात आहे.