शिवांजलीच्या नावावरची गाडी

ही हकीकत मी शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५ रोजी, रात्री सव्वानऊ ते साडेदहाच्या दरम्यान येरमाळ्यात ऐकली. सांगणारे उत्तरेश्वर काका. वय सदुसष्ट, वीज कंपनीतून निवृत्त झालेले वायरमन. शेतीच्या वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकावर माझा पदव्युत्तर प्रबंध सुरू आहे आणि त्यासाठी मी त्यांच्याकडे गेलो होतो. हमरस्त्यालगतच्या चहाच्या हॉटेलात आम्ही तिघे ऐकणारे होतो: मी, हॉटेल चालवणारा रणधीर आणि कळंबला मोबाइलचे दुकान असलेला अल्ताफ. दिवे गेलेले होते. ऐकलेले मी त्याच रात्री लिहून काढले. संवाद शक्य तितके काकांच्या तोंडचेच ठेवले आहेत.

काकांनी सुरुवात एका साध्या कामापासून केली. "कृष्णराजनं मला थ्री फेजचं सॉकेट बसवायला बोलावलं हुतं. तिथून सुरू झालं बघा समदं."

कृष्णराज हा काकांच्या ओळखीचा, वय छत्तीस. येरमाळ्यापासून चार किलोमीटरवर त्याची शेतवस्ती आहे. लग्नात नवरदेवासाठी गाडी भाड्याने द्यायची, हा त्याचा धंदा. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने चालत्या दोन्ही जीप विकल्या आणि पुण्याच्या एका दलालाकडून विजेवर चालणारी, परदेशी बनावटीची, पांढरी आलिशान गाडी जुनी विकत घेतली. नवी असताना ती ऐंशी लाखांच्या घरातली. त्याला साडेबारा लाखांत मिळाली.

"इतकी स्वस्त कशी रं?" काकांनी तेव्हाच विचारले होते.

"मालकीण वारली, काका. नवऱ्याला गाडी डोळ्यापुढं नको झालीया."

गाडी वस्तीवर आली त्या दिवशी कृष्णराजची आई कमलबाई आरतीचे ताट घेऊन बाहेर आल्या. त्यांनी पहिला प्रश्न किमतीचा केला नाही.

"सवाष्ण गेली का ती बाई?"

"नवरा हाय म्हनल्यावर सवाष्णच की, आये."

"मग आदुगर तिची ओटी भरू दे. तिच्या हातची वस्तू हाय. तिला पुसल्याबिगर नारळ फोडू नगस."

"गाडीची कुठं ओटी भरत्येत व्हय? लोक तोंडात शेण घालतील माझ्या," असे म्हणून कृष्णराजने नारळ फोडला.

कागदपत्रे महिन्याभरात कृष्णराजच्या नावावर झाली. गाडी मात्र वेगळ्याच नावाला धरून बसली होती. दार उघडून आत बसले की समोरचा मोठा पडदा उजळे आणि त्यावर अक्षरे उमटत: 'वेलकम, शिवांजली'. मूळ मालकिणीचे खाते कुणी बंदच केले नव्हते. सुरुवातीला कृष्णराजला त्याची मौज वाटली.

जानेवारीत ढोकीजवळच्या एका लग्नाचे भाडे मिळाले. नवरदेव ऐटीत पुढे बसला. पडदा उजळला. मागच्या सीटवरच्या मित्रांनी ते वाचले.

"आरं, नवरीचं नाव तर सिद्धम्मा हाय. ही शिवांजली कोन काढलीस मधीच?"

"मुकाट बसा रं," नवरदेव म्हणाला.

"मुकाट कशाला? गाडीला बी ठावं हाय तुझं परकरण!"

थट्टा तिथेच संपली असती. पण एकाने चित्रफीत काढली आणि वरात मांडवापाशी पोचण्याआधी ती नवरीच्या भावांच्या हातात पडली. दोन तास अक्षता थांबल्या. कृष्णराज प्रत्येकाला सांगत फिरला की हे जुन्या मालकिणीचे नाव आहे. कुणी ऐकून घेईना. महिनाअखेरपर्यंत त्याची तिन्ही ठरलेली भाडी गेली.

आता एकच लग्न उरले होते, तेही घरचे. त्याची बहीण आरोही हिचे लग्न रविवारी, १६ फेब्रुवारीला होते. नवरा मुलगा मल्लेश कळंबहून याच गाडीतून यायचा होता.

"दादा, जीप असती तरी चाललं असतं," आरोही त्याला म्हणाली. "ते तसल्या गाडीतनं आले, तर जलमभर सासरी ऐकावं लागंल मला."

कृष्णराजने काय करायचे बाकी ठेवले? पडद्यावर रुमाल टाकून पाहिला. मग वेगच दिसेना. दलालाला फोन केले. त्याने कृष्णराजचा क्रमांकच ब्लॉक करून टाकला. कागदांवरचा पत्ता जुना होता; मृत बाईच्या नवऱ्याचा सध्याचा पत्ता दलालाखेरीज कुणाकडे नव्हता. उरली गाडीच्या कंपनीची मदतवाहिनी. ते संभाषण काकांनी स्वतः शेजारी बसून ऐकले होते आणि आम्हाला दोन्ही आवाजांत करून दाखवले.

"सर, नाव काढण्यासाठी नोंदणीकृत मोबाइलवर सहा अंकी कोड गेला आहे. शेवटचे अंक एक्केचाळीस. तो कोड पडद्यावर टाका."

"मॅडम, त्या नंबरवाली बाई वारली."

"आपली अडचण समजते, सर. कोड पाच मिनिटं वैध राहील."

"अहो, वारली ती! तिला कुठून आणू?"

"मग मृत्यूचा दाखला आणि वारसाचं संमतिपत्र मेल करा, सर."

"वारसाचाच पत्ता मागालोय की तुम्हाला!"

"तो देता येत नाही, सर. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

रणधीर हसला. अंधारात काकांचा चेहरा दिसत नव्हता, पण ते हसले नाहीत. "हसू नगस. त्या पोरानं आठवड्यात चाळीस येळा त्यो कोड मागिवला आसंल. दरयेळी सहा रिकामी घरं यायची पडद्यावर. पाच मिनिटांनी जायची."

यानंतर काका मंगळवार, ११ फेब्रुवारीच्या रात्रीकडे वळले. दुसऱ्या दिवशी माघी पौर्णिमा होती.

घरच्या विजेवर या गाडीची बॅटरी भरायला दीड दिवस लागे. शेतातल्या थ्री फेजवर, काकांनी बसवलेल्या सॉकेटवरून, ते काम रात्रीत होई. त्या आठवड्यात शेतीच्या लाईनीला रात्रपाळी होती. वीज साडेबाराला यायची. म्हणून कृष्णराजने गाडी विहिरीजवळ, पाण्याच्या मोटारीच्या पेटीशेजारी नेऊन लावली. त्या भागात तांब्याच्या वायरी चोरीला जातात. केबल उघड्यावर सोडून घरी जाणे शक्य नव्हते, तेव्हा तो चालकाच्या सीटवरच बसून राहिला. अंगाने तो चांगला आडवा असल्याने सीट पूर्ण मागे सरकवलेली होती.

साडेबाराला वीज आली. गाडी भरू लागली. चांदणे इतके होते की पलीकडच्या उसाची पाने मोजता यावीत. कृष्णराजने, सवयीने म्हणा किंवा चिडून म्हणा, पुन्हा एकदा कोड मागवला.

सहा रिकामी घरे आली.

तो त्यांच्याकडे बघत बसला. जीप गेल्या. भाडी गेली. चार दिवसांवर बहिणीचे लग्न. पाच मिनिटे संपली, घरे मिटली. त्याने पुन्हा मागवला. पुन्हा मिटली. तिसऱ्यांदा मात्र त्याचा तोल सुटला. त्याने पडद्यावर मूठ आपटली आणि मोठ्याने म्हणाला,

"मेलीस तर मेलीस, बये! माझी गाडी तरी सोड की!"

काका इथे थांबले. अल्ताफने विडी पेटवली होती; ती त्याने विझवली.

"मग?"

"मग लाईट गेली. एक वाजून धा मिनिटं झाली हुती."

पेटीतला स्टार्टर खट्ट करून पडला. गाडीचा पडदा मात्र चालू राहिला. सहा घरे तशीच होती. पाच मिनिटे झाली. घरे मिटली नाहीत.

मग सीट हलली.

सावकाश. पुढे.

कृष्णराजला वाटले, आपलाच हात बटणावर पडला. त्याने दोन्ही हात वर घेतले. सीट सरकतच होती. त्याचे गुडघे पडद्याखाली टेकले. पोट स्टिअरिंगला लागले. त्याने बटण मागे दाबले. सीट थांबली नाही. आता छाती. गाडी आपल्या नेहमीच्या माणसाच्या बेताने जागा करून घेत होती. बुटक्या, बारीक अंगाच्या माणसाच्या.

पडदा उजळला.

'वेलकम, शिवांजली'.

दाराचे बटण दाबले. उघडेना.

श्वास अर्धाच आत जात होता. हाक मारावी तर वस्ती दोन शेतांपलीकडे. आणि...

"आणि काय, काका?"

"बांगड्या," काका म्हणाले. "येकदाच. मागं न्हाय, बाजूला न्हाय. ज्या सीटवर त्यो बसला हुता... तिथंच."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. त्याच्या उजेडात रणधीरचे हात मांडीवर घट्ट धरलेले दिसले.

"ताई..." कृष्णराज म्हणाला होता. "चुकलं. ताई... बहिनीचं लगीन हाय."

काही झाले नाही.

कितीतरी वेळ.

मग दार आपोआप, बोटभर, उघडले.

तो खरचटत बाहेर पडला आणि धावत घरी आला. कमलबाईंनी सगळे ऐकून घेतले. रागावल्या नाहीत. "म्या काय म्हनलं हुतं तुला?" एवढेच बोलल्या आणि उठून त्यांनी तयारी केली. आरोहीच्या लग्नासाठी आणलेल्या खणांतला एक खण, नारळ, हळदकुंकू, तांदूळ, सगळे एका ताटात. मोबाइलच्या उजेडात मायलेक परत विहिरीवर गेले. दोन वाजून गेले होते.

सीट अजून पुढेच होती. कमलबाईंनी तिला हळदकुंकू लावले. खण ठेवला, नारळ ठेवला आणि तांदळाच्या पाच ओंजळी घातल्या.

"ये लेकी, नीट बस," त्या रिकाम्या सीटला म्हणाल्या. "पोरगं आडानी हाय माझं. त्याचं बोलनं पोटात घाल. लेकीचं लगीन हाय, तुला बी आवतन हाय."

रिकामे झालेले ताट त्यांनी शेजारच्या सीटवर ठेवले. दार लावले. गाडी कुलूपबंद केली आणि किल्लीऐवजी वापरायचे कार्ड पदराच्या गाठीत बांधले. वीज आली नव्हती. दोघे घरी गेले.

पहाटे सहाला कृष्णराजने काकांना फोन करून बोलावले. सॉकेट तपासायला, असे तो म्हणाला. काका पोचले तेव्हा कमलबाईंनी त्यांच्यासमोर गाठ सोडून कार्ड काढले आणि दार उघडले. पडद्यावर फक्त 'वेलकम' होते. पुढे काही नव्हते.

"आन् ताटात," काका म्हणाले, "चार दाणे हुते."

अल्ताफ मुसलमान घरातला. त्याला उलगडा होईना. काकांनी समजावून सांगितले. ओटी घेतलेली बाई आपल्या ओटीतले चार दाणे देणारीच्या ताटात परत टाकते. देणारीचे ताट रिकामे राहू नये म्हणून. सीटवरचे बाकी तांदूळ, खण, नारळ जागच्या जागी होते. ताटातल्या दाण्यांना कुंकू लागलेले होते.

"उंदीर?" अल्ताफ म्हणाला.

"काचा बंद, दारं बंद. आन् उंदीर मोजून चार दाणे ठिवतंय व्हय रं?"

रविवारी मल्लेश त्याच गाडीतून आला. त्याच्या मित्रांनी पडदा वाचला आणि पुढच्या गाण्याकडे वळले. आरोही आता कळंबला सुखाने नांदते. कृष्णराजला पुन्हा भाडी मिळू लागली आहेत. 'वेलकम'पुढच्या मोकळ्या जागी त्याने स्वतःचे नाव अजून टाकलेले नाही.

पुढच्या दोन आठवड्यांत मी जेवढे पडताळता आले तेवढे पडताळले. उपकेंद्राच्या नोंदवहीत त्या रात्री एक वाजून दहा मिनिटांनी ती लाईन बंद पडल्याची आणि तीन वाजता सुरू झाल्याची नोंद आहे. नाव जाण्याला निदान एक शक्यता आहे: कृष्णराजने कंपनीला आठ तक्रारी पाठवल्या होत्या, त्यांपैकी एखादी कुणीतरी अखेर वाचली असेल. मी कंपनीला तीनदा लिहिले. तिन्ही वेळा, माझी अडचण समजते, असे उत्तर आले. ज्या क्रमांकावर कोड जात होता त्याचे शेवटचे दोन अंक सोडून कुणाकडे काही नाही. सीट पुढे सरकली, कारण गाडीने मूळ मालकिणीची बैठक लक्षात ठेवली होती. हे मी मान्य करू शकतो. बांगड्यांचा आवाज घाबरलेल्या माणसाने ऐकलेला आहे.

राहिले ते ताट. अंधारात, मोबाइलच्या उजेडात, घाईत ठेवलेल्या ताटाला चार दाणे चिकटून राहणे अशक्य नाही. तोच प्रश्न घेऊन ३० नोव्हेंबरला मी कमलबाईंना भेटलो आणि ठेवताना ताट पूर्ण रिकामे होते का, असे विचारले.

त्यांनी पदराचे टोक हातात धरले.

"म्या पदरानं पुसून ठिवलं हुतं, बाळा. तिनं परत दिलं का न्हाय, ते कळाया नगं?"

त्यांनी ते खरोखर पुसले होते का, याची खात्री मला करून घेता आलेली नाही.